सिकलसेल, थॅलेसेमिया आणि वाढत्या वयातील हाडे : शंभर वर्षांची एक गोष्ट



एरवी मी इथे एखादा आजार घेतो आणि त्याची लक्षणे, तपासण्या, उपचार असे क्रमाने लिहितो. आज थोडा इतिहास सांगणार आहे. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेले मूल ज्यांच्या घरात आहे, त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा. इतिहास असला तरी तो तुमच्या मुलाच्या खुब्याशी, पाठीशी आणि उंचीशी जोडलेला आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी कन्हानच्या बाजूचा, खाणीत काम करणाऱ्या वडिलांचा सोळा वर्षांचा मुलगा माझ्याकडे नियमित यायचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सिकलसेलचा रुग्ण, म्हणजे 'एसएस'. गोळ्या वेळेवर घ्यायचा. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास. सिकलसेलच्या मानाने हा आकडा चांगला, म्हणून मी दर वेळी रिपोर्ट पाहून 'छान, असंच चालू द्या' म्हणायचो. एकदा निघता निघता त्याची आई दारात थांबली. म्हणाली, 'सर, याची मांडी दुखते जी. चालताना थोडा लंगडतो. वातच हाय ना?' वाढीचे वय आहे, क्रिकेट खेळतो, असे म्हणून मी दुखण्याची गोळी लिहून दिली.

आठ महिन्यांनी त्याला खाली बसता येईना आणि मोजा घालता येईना. एक्स-रे काढला तेव्हा डाव्या मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक चपटे झालेले दिसले. त्या भागाचा रक्तपुरवठा तुटून हाड मेले होते. मी रक्ताचा आकडा वाचला, पण मुलाची चाल पाहिली नाही.

पुढे जुने वैद्यकीय लेखन चाळताना लक्षात आले की ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. हाडे पहिल्या दिवसापासून बोलत होती, पण आमचे लक्ष बराच काळ रक्तावरच होते.

नाव पडण्याआधीचे दुखणे

सिकलसेलला वैद्यकशास्त्रात नाव मिळाले विसाव्या शतकात, पण आजार त्याहून फार जुना आहे. घानाचे डॉक्टर फेलिक्स कोनोटे-अहुलू यांनी दाखवून दिले की पश्चिम आफ्रिकेतील भाषांमध्ये या आजाराला पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची नावे होती. पुन्हा पुन्हा येणारे, हाडे आणि सांधे कुरतडणारे दुखणे त्या शब्दांच्या उच्चारातच ऐकू येते. लोकांना तांबड्या पेशी माहीत नव्हत्या. त्यांनी आजार ओळखला तो हाडांवरून.

आपल्याकडेही वेगळे नाही. हिवाळा लागला की 'हाडं ठणकतात', 'अंग फुटते' असे सांगणारे रुग्ण विदर्भातल्या प्रत्येक डॉक्टरने पाहिले आहेत. घरातले त्याला वात म्हणतात. त्यात हसण्यासारखे काही नाही, कारण त्यांचे निरीक्षण बरोबर असते. फक्त कारण वेगळे असते.

थॅलेसेमियाच्या बाबतीत तर पुरातत्त्वही या चर्चेत आले. १९६६ मध्ये लॉरेन्स एंजल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने पूर्व भूमध्य प्रदेशात सापडलेल्या प्राचीन कवट्यांचा अभ्यास मांडला. काही कवट्यांची हाडे जाड आणि स्पंजासारखी सच्छिद्र झालेली होती. दलदल, मलेरिया आणि आनुवंशिक रक्तक्षय यांच्याशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. कवटीत असे बदल इतर कारणांनीही होतात, हे पुढे स्पष्ट झाले. पण मुद्दा लक्षात घ्या. रक्त हजारो वर्षे टिकत नाही, हाड टिकते, आणि रक्ताच्या आजाराची खूण त्याच्यावर राहू शकते.

शिकागो १९१०, डेट्रॉइट १९२५

१९०४ च्या अखेरीस शिकागोच्या एका रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा विद्यार्थी दाखल झाला. तो कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आला होता. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टरला त्याच्या रक्तात लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. सिकलसेलची पाश्चात्त्य वैद्यकातील ही पहिली नोंद. मधल्या काळात नोएलला अंगदुखीचे झटके आले होते आणि त्यांना त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे संधिवातात टाकले गेले. म्हणजे 'वातच हाय ना?' हा प्रश्न शिकागोतही होता. नोएल शिक्षण पूर्ण करून गावी परतला, दवाखाना थाटला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने वारला.

दुसरी गोष्ट डेट्रॉइटची. बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये तीव्र रक्तक्षय आणि वाढलेली पाणथरी असलेल्या काही मुलांचे वर्णन केले. या मुलांची गालफडे वर आलेली आणि कपाळ पुढे आलेले होते. दोन वर्षांनी त्यांनी सहकाऱ्यांसह सविस्तर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच 'हाडांमधील विचित्र बदल' असा उल्लेख होता. हाच आजार पुढे थॅलेसेमिया म्हणून ओळखला गेला.

हाडे अशी का बदलतात? आपले रक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होते. थॅलेसेमियात बनणाऱ्या बहुतेक पेशी कुचकामी असतात. शरीराला वाटते की उत्पादन कमी पडते आहे, म्हणून मगज वाढत जातो. एखाद्या छोट्या घरात कारखाना वाढवत नेला तर भिंती जशा बाहेर ढकलल्या जातील, तसे हाड आतून रुंदावते आणि बाहेरचे कवच पातळ होते. कवटीच्या एक्स-रेमध्ये तर उभ्या केसांसारख्या रेघा दिसतात.

कूली यांच्या आजाराची भारतातील पहिली नोंद १९३८ मध्ये कोलकात्याहून झाली. नागपुरात हा आजार अनेक समाजांत आढळतो. फाळणीनंतर जरीपटक्यात येऊन वसलेल्या सिंधी कुटुंबांमध्ये वाहकांचे प्रमाण तुलनेने जास्त आहे. काही मुलांना एका पालकाकडून सिकलचे आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचे जनुक मिळते. तेही रुग्णच असतात.

पेशी विळा का होते, आणि हाड का दुखते

१९४९ मध्ये लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सिकलसेलमध्ये दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखादा आजार रेणूपर्यंत नेऊन भिडवण्याचे हे पहिलेच ठळक उदाहरण. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी सांगितले की इतक्या मोठ्या रेणूत फक्त एका ठिकाणचे एक अमिनो आम्ल बदललेले असते. एवढ्याशा फरकामुळे, ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरे बनतात आणि गोल, लवचीक पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते.

अशा पेशी अरुंद रक्तवाहिन्यांत अडकतात. मगजातील रक्तवाहिन्या अरुंद असतात, तिथे रक्त संथ वाहते आणि ऑक्सिजनही कमी असतो. म्हणून हाड हे या आजाराचे आवडते ठिकाण. लहान बाळात हाता-पायांची बोटे सुजतात. मोठ्या मुलांत मांडी, पाठ, छाती दुखते. मणक्यांचा मधला भाग दबून तो एक्स-रेमध्ये खोलगट दिसतो. आणि किशोरवयापासून पुढे खुब्याचा धोका वाढतो. मांडीच्या हाडाच्या गोल टोकाला मोजक्याच रक्तवाहिन्यांतून रक्त मिळते. त्या बंद झाल्या तर दुसरी वाट जवळपास नसतेच.

नागपूर, १९५८

भारतात सिकलसेल आहे हे १९५२ मध्ये पुढे आले. त्या वर्षी निलगिरीतील आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये विळ्यासारख्या पेशी आढळल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. तोपर्यंत हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच आजार मानला जाई.

मग नागपूरची पाळी आली. १९५८ मध्ये डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीची नोंद 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याच वर्षी डॉ. परांडे यांच्यासह भारतातील सिकलसेल आजारावरचा त्यांचा लेख 'ब्लड' या नियतकालिकात आला. हा आजार इथल्या अनुसूचित जाती, आदिवासी आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आहे, हे नागपूरच्या या आणि नंतरच्या कामातून दिसत गेले.

इथेच का? याचे उत्तर १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून दिले होते. एकच सिकल जनुक असलेल्या वाहकाला, म्हणजे 'एएस' व्यक्तीला, जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकले. वैनगंगेच्या खोऱ्यातला जंगलाचा, पाण्याचा आणि डासांचा प्रदेश आठवा. आपली कन्हान नदीही त्याच खोऱ्यातली. त्यामुळे हा कुठल्या जातीचा दोष नाही, की कुणाच्या पापाचे फळ नाही. पूर्वजांना जगवणाऱ्या जनुकाची ही दुसरी बाजू आहे. दोन वाहकांच्या घरात दर गरोदरपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते.

पण त्या काळात हाडांविषयी फारशी चर्चा नव्हती, आणि त्याचे कारण दुःखद आहे. अनेक मुले जंतुसंसर्गाने किंवा अचानक वाढलेल्या रक्तक्षयाने लहानपणीच दगावत. खुबा झिजण्याच्या वयापर्यंत ती पोहोचतच नसत.

'आपला सिकल सौम्य असतो'

१९८६ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून कळले की भारतातील आणि पूर्व सौदी अरबस्तानातील सिकल जनुकाची ठेवण आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळी आहे. आपल्या बऱ्याच रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन (एचबीएफ) मोठेपणीही जास्त राहते. ते विळा होण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणते. त्यामुळे हिमोग्लोबिन बरे राहते आणि काही रुग्णांना लहानपणी त्रास कमी होतो. यातून एक समज पसरला की भारतातील सिकलसेल सौम्य असतो.

या समजाला दोन ठिकाणी तडा गेला. पहिला तडा नागपुरातच. इथल्या अनेक मुलांना वारंवार तीव्र वेदना होतात, रक्त द्यावे लागते, भरती व्हावे लागते, हे इथल्या बालरोगतज्ज्ञांनी नोंदवले. दुसरा तडा खुब्याने दिला. १९९१ मध्ये अमेरिकेतील अडीच हजारांहून अधिक रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे दहा टक्के रुग्णांत मांडीच्या हाडाचे टोक मेल्याच्या खुणा होत्या. सगळ्यात जास्त धोका कुणाला होता? ज्यांच्यात सिकलसोबत अल्फा थॅलेसेमियाचे जनुक होते त्यांना. रक्ताचे प्रमाण जास्त असलेल्यांनाही धोका जास्त होता.

हे उलटे वाटेल, पण कारण सोपे आहे. अशा रुग्णांत पेशी कमी फुटतात, म्हणून हिमोग्लोबिन चांगले राहते. पण पेशी जास्त म्हणजे रक्त दाट, आणि दाट रक्तात विळ्यासारख्या पेशी असतील तर हाडातील बारीक वाहिन्या बंद पडण्याची शक्यता वाढते. भारतातील अनेक समाजांत, विशेषतः आदिवासींमध्ये, अल्फा थॅलेसेमियाचे जनुक भरपूर आढळते.

आता माझ्या त्या रुग्णाकडे परत पाहा. हिमोग्लोबिन दहा, म्हणून मी निर्धास्त होतो. चांगला आकडा हाडे चांगली असल्याची हमी देत नाही. मी हे पुस्तकात वाचले होते, पण त्याच्या आईच्या प्रश्नाच्या वेळी ते आठवले नाही.

रक्त मिळाले, तरी हाडांचा प्रश्न उरला

थॅलेसेमियाची गोष्टही अशीच वळण घेते. पूर्वी मूल अगदी कोमेजले की रक्त दिले जाई. १९६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या आयर्विंग वोल्मन यांनी दाखवले की हिमोग्लोबिन सतत वरच्या पातळीवर ठेवलेली मुले जास्त चांगली वाढतात. नियमित रक्त दिल्यावर मगजाची धडपड थांबते. चेहऱ्याची हाडे बिघडत नाहीत आणि हातपायही सहज मोडत नाहीत. एका पिढीत मुलांचे चेहरेच बदलले.

पण प्रत्येक पिशवीबरोबर लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. हे लोह यकृतात, हृदयात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत साठते. पिट्युटरी बिघडली की वयात येणे लांबते. मुलीला पाळी येत नाही, मुलाला मिसरूड फुटत नाही. वयात येताना जी संप्रेरके हाडे भरतात, तीच कमी पडतात. लोह हाडे बनवणाऱ्या पेशींनाही त्रास देते. १९९८ मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासात उपचार घेणाऱ्या थॅलेसेमिया रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या हाडांची घनता फारच कमी आढळली.

लोह काढणाऱ्या औषधांनी आयुष्य वाढवले, पण त्यांचाही हिशोब ठेवावा लागला. डेफेरॉक्सामाइन लहान मुलांना गरजेपेक्षा जास्त दिले तर हाडांची वाढ खुंटते, हे पुढे कळले. डेफेरिप्रोन ही गोळी नेहमीच्या वापरात आणणाऱ्या पहिल्या देशांत भारत होता. मुंबईतील डॉ. एम. बी. अगरवाल यांच्या गटाने १९९२ मध्ये तिच्याविषयीचा भारतीय अनुभव प्रसिद्ध केला. सांधेदुखी हा या गोळीचा एक ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. याचा अर्थ औषधे वाईट असा नाही. ती बंद करणे जिवावर बेतते. अर्थ एवढाच की ही औषधे घेणाऱ्या मुलाची उंची आणि सांधे तपासत राहायला हवे.

दहा ते वीस : हाडांची बँक

हाड म्हणजे दगड नव्हे. ते रोज थोडे मोडते आणि रोज थोडे बांधले जाते. किशोरवयात बांधकाम मोडतोडीच्या खूप पुढे असते. उंची सगळ्यात वेगाने वाढते त्या सुमारे दोन वर्षांतच, मोठेपणी हाडांत असणाऱ्या एकूण खनिजांचा जवळपास चौथा हिस्सा जमा होतो. विशी येईपर्यंत बहुतेक जमा संपते. त्यानंतर आयुष्यभर याच ठेवीवर काढायचे असते.

सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांचे नुकसान नेमके या वर्षांत होते. मगज फुगल्याने हाड पातळ होते. वयात येणे लांबते. दुखण्यामुळे खेळणे बंद होते. काळजीपोटी आई-वडील मुलाला उन्हात जाऊ देत नाहीत, म्हणून ड जीवनसत्त्व कमी पडते. भर उन्हाळ्यात नागपूरचे तापमान पंचेचाळीसवर जाते, तरीही इथल्या मुलांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास सापडते.

ही घट साध्या एक्स-रेमध्ये लवकर दिसत नाही. तीसेक टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रे बोलत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डेक्सा तपासणी आली आणि हाडांची घनता नेमकी मोजता येऊ लागली. मुलांचा डेक्सा रिपोर्ट मात्र त्याच वयाच्या मुलांशी तुलना करून आणि उंची लक्षात घेऊन वाचावा लागतो.

आज आपण कुठे आहोत

हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात, हे १९९५ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. नागपूरच्या मेडिकलमधील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी पुढे दाखवले की आपल्याकडील तीव्र आजार असलेल्या मुलांत तुलनेने कमी, ठरावीक मात्राही चांगले काम करते. मेडिकलच्या बालरोग विभागाने मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेबरोबर नवजात बाळांच्या तपासणीचेही काम केले. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्याच्या आदिवासी भागांत अनेक दशके हा आजार शोधला. नागपूरचे संपत रामटेके यांनी रुग्णांची संघटना उभी केली. या दोघांनाही पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली.

याचा परिणाम तुमच्या घरातच दिसतो आहे. मुले जगत आहेत, दहावी-बारावी करत आहेत, नोकरीला लागत आहेत. म्हणूनच हाडांचा प्रश्न आता समोर आला आहे. पूर्वी आम्ही 'मूल वाचेल का?' एवढेच विचारत होतो. आता 'तिसाव्या वर्षी ते नीट चालेल का?' हेही विचारायला हवे. हायड्रॉक्सीयुरिया वेदना कमी करते, पण खुबा नक्की वाचवेलच असे सांगता येत नाही. तिथे नजर ठेवावीच लागते.

पालकांनी आणि मुलांनी काय करावे

१. खुबा, जांघ, मांडी किंवा गुडघा दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल, मूल लंगडत असेल किंवा मांडी घालून बसता येत नसेल, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा. खुब्याचे दुखणे कधी कधी फक्त गुडघ्यात जाणवते. सुरुवातीला एक्स-रे साफ असू शकतो, त्या वेळी एमआरआय लागतो.

२. लवकर सापडले तर सांध्यावरचा भार कमी करणे आणि फिजिओथेरपी यांचा उपयोग होतो. २००६ मधील एका अभ्यासात सिकलसेलच्या खुब्यासाठी शस्त्रक्रियेसह फिजिओथेरपी आणि नुसती फिजिओथेरपी यांत तीन वर्षांनी मोठा फरक दिसला नाही. व्यायाम म्हणजे कमी दर्जाचा उपचार नव्हे.

३. ताप आणि एकाच जागी सूज, लाली, तीव्र दुखणे असे एकत्र असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. सिकलसेलमध्ये हाडात जंतुसंसर्ग होऊ शकतो.

४. सांधेदुखीवर कुणी 'ताकदीचे' किंवा 'वाताचे' इंजेक्शन देत असेल तर त्यात काय आहे ते विचारा. स्टिरॉइडने खुब्याचा धोका वाढतो. दुखण्याच्या गोळ्याही रोज मनाने घेऊ नका, त्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

५. दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन लिहून ठेवा. मुलीत तेराव्या वर्षापर्यंत आणि मुलात चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याची काहीच चिन्हे नसतील तर संप्रेरकांची तपासणी हवी. लाजू नका, हा हाडांचा प्रश्न आहे.

६. ड जीवनसत्त्वाची पातळी तपासा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्या. दूध, दही, तीळ, शेवग्याचा पाला, नाचणी हे कॅल्शियमसाठी चांगले.

७. लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक तपासणीशिवाय देऊ नका. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळत असतील तर मुलाच्या आजाराविषयी शिक्षकांना सांगून डॉक्टरांचा सल्ला घ्या. वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांना लोह आधीच जास्त असते. फोलिक अ‍ॅसिड वेगळे, ते सांगितल्याप्रमाणे चालू ठेवा.

८. दुखणे नसताना मुलाला चालू द्या, खेळू द्या. भरपूर पाणी प्यायला द्या. उन्हाळ्यात दुपार टाळून सकाळचे ऊन घ्या.

९. थॅलेसेमियाच्या आणि वारंवार दुखणाऱ्या सिकलसेलच्या मुलांसाठी, साधारण दहा वर्षांनंतर डेक्सा कधी करायची हे तुमच्या तज्ज्ञांना विचारा.

माझा तो रुग्ण आता कामाला लागला आहे. व्यायाम करतो, लांब अंतर असले तर काठी घेतो. पुढे कधीतरी सांधा बदलावा लागेल, हे त्याला माहीत आहे. एकदा त्याने विचारले, 'सर, आठ महिने आधी कळलं असतं तर?' मी खरे तेच सांगितले. कदाचित खुबा पूर्ण वाचला नसता, पण वाचवायची संधी नक्की जास्त होती. आणि ती संधी त्याच्या आईने मला दिली होती.

तेव्हापासून सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे मूल आले की मी रिपोर्ट नंतर पाहतो. आधी त्याला दारापासून खुर्चीपर्यंत चालत यायला सांगतो. तुम्हीही आज घरी एवढे करा. मुलाला चपलेशिवाय अंगणात चालायला सांगा, खाली बसून उठायला सांगा आणि नीट पाहा. काही वेगळे वाटले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच या.